आवाज कुठे अडतो?

दसरा उलटला की घरं आवरायला निघतात आणि माळ्यावरची खोकी खाली येतात. त्यांत हमखास एक काळा संच असतो: एक जाड लाकडी डबा, तारेने त्याला जोडलेले दोन छोटे स्पीकर आणि धुळीने घट्ट झालेलं गोल बटण. संगणकाचा स्पीकर. घरात त्याची नोंद एवढीच असते, 'बंद पडलाय'. कधी पडला, पडताना कसला आवाज आला, एकच बाजू गेली की दोन्ही, हे कुणाला आठवत नाही. मग तो वजनावर भंगारात जातो. तिथे ट्रान्सफॉर्मरची तार वेगळी निघते, चुंबक वेगळं, प्लॅस्टिक वेगळं. ज्या एका भागामुळे संच गप्प झाला होता, तो मात्र बहुतेकदा पन्नास रुपयांच्या आतला असतो: एखादा फुगलेला कंडेन्सर, पिनेपाशी तुटलेली तार, झिजलेलं बटण.

पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर तपकीर गल्ली आहे. इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची ही पुण्याची जुनी बाजारपेठ. दिवाळीच्या तोंडावर तिथे रोषणाईच्या माळा घेणाऱ्यांची इतकी गर्दी असते, की पाऊल टाकायला जागा मिळत नाही. त्या गर्दीतून पासोड्या विठोबाच्या अंगाला सरकलं की सुटे भाग विकणारी दुकानं लागतात आणि त्यांच्या आजूबाजूला, जिन्याखाली, बोळात, दुरुस्तीची टेबलं. अशाच एका टेबलाशी बसून मी काम पाहिलं. टेबलामागचे काका साठीच्या पुढचे. रेडिओपासून सुरुवात केली, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, मग संगणकाचे स्पीकर, आणि आता ब्लूटूथचे डबे. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "बंद पडायच्या आधी काय आवाज करत होता?"

गिऱ्हाईक गोंधळतं. "आवाजच येत नाही हो काका, म्हणून तर आणलाय."

"आत्ता नाही येत. त्याच्या आधी? घूं करत होता? बटण फिरवलं की खरखरायचा? एक बाजू जायची-यायची? की चांगला वाजता वाजता एकदम गेला?"

यातलं एक उत्तर मिळालं की त्यांचं निम्मं काम होतं. फ्रिज किंवा मोबाइल आतून बिघडू लागला तर ते आपल्याला सहसा कळत नाही. स्पीकरचा बिघाड मात्र ऐकू येतो. प्रत्येक दोषाचा नाद वेगळा, आणि तो ओळखणारा कान तयार व्हायला वर्षं जातात. मला या लेखात सांगायचं आहे ते मुख्यतः या कानाबद्दल. सुटे भाग अजून मिळतात. असे कान मात्र कमी होत चालले आहेत.

आवाजाची वाट आधी समजून घेऊ. संगणकातली साउंड चिप आकड्यांचं रूपांतर बारीक विद्युतलहरीत करते. ती लहर मागच्या हिरव्या भोकातून, साडेतीन मिलिमीटरच्या पिनेतून, तारेतून सबवूफरच्या डब्यात येते. सबवूफर म्हणून आपण जो डबा ओळखतो त्यात फक्त मोठा स्पीकर नसतो, सगळ्या संचाचा ॲम्प्लिफायरही त्यातच असतो. तिथे व्हॉल्यूमचं बटण, मग ४५५८ नंबरची आठ पायांची छोटी आयसी जी खर्ज वेगळा काढते, मग ताकद देणाऱ्या मोठ्या आयसी, आणि शेवटी स्पीकरची कॉइल. दुसऱ्या बाजूने वीज येते: २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बारा-झिरो-बारा देतो, चार डायोड तिची उलटसुलट चाल एका दिशेने वळवतात आणि दोन मोठे कंडेन्सर तिच्यातले हेलकावे भरून काढतात. आवाजाची एक वाट, विजेची दुसरी, आणि दोन्ही भेटतात त्या मोठ्या आयसीपाशी. बिघाड शोधणं म्हणजे या दोन वाटांवर कुठे अडलंय ते पाहणं.

आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर १९८१ साली आला तेव्हा त्याच्या पेटीत एक लहानसा स्पीकर होता आणि त्याचं मुख्य काम 'टूं' करणं हे होतं. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह या कंपनीने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर हे कार्ड बाजारात आणलं आणि संगणकातून संगीत ऐकू येणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. सिम वाँग हू हे त्या कंपनीचे संस्थापक. २०२३ च्या जानेवारीत ते गेले. पुढे साउंड कार्डाचं काम मदरबोर्डवरच होऊ लागलं. भोकांचे रंग ठरले ते मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या 'पीसी ९९' या संकेतानुसार: स्पीकरला पोपटी हिरवा, माइकला गुलाबी, बाहेरून येणाऱ्या आवाजाला फिका निळा. आजही मागच्या बाजूला हात घालून अंधारात पिन खोचणारा माणूस हिरव्याऐवजी निळ्यात खोचतो आणि स्पीकर बिघडला असं समजतो. असे धडधाकट संच काकांच्या टेबलावर नेहमी येतात.

म्हणून डबा उघडायच्या आधी ते एक जुना बटणांचा फोन काढतात. पुष्कळ नव्या फोनांना साडेतीनचं भोकच राहिलेलं नाही, आणि या फोनात ते आहे, शिवाय मेमरी कार्डावर गाणी. पिन त्यात खोचली आणि संच वाजला, तर दोष संगणकाचा. मग तिथे काय पाहायचं? आवाज म्यूट आहे का, हे सगळे पाहतात. पण मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला की विंडोज पुष्कळदा आवाज त्या मॉनिटरकडे वळवतं, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठे पाठवायचा ते निवडलं की काम संपतं. विंडोज अपडेट झाल्यावर आवाज गेला असेल तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकावा लागतो; मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून घेतलेला ड्रायव्हर आपोआप आलेल्यापेक्षा बरा. लॅपटॉपचं आणखी एक दुखणं आहे. हेडफोनच्या भोकात एक स्प्रिंगची पट्टी असते, पिन आत गेली की ती दाबली जाऊन आतले स्पीकर बंद होतात. पट्टी गंजली किंवा कचऱ्याने अडकली की हेडफोन नसतानाही लॅपटॉपला वाटतं की तो लागलेला आहे. तारेवरच्या छोट्या व्हॉल्यूम-डबीला हेडफोनचं भोक असलेल्या संचांतही हेच होतं. पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर केल्यावर कित्येकदा आवाज परत येतो.

फोनवरही संच गप्प राहिला तर काका पिनेच्या टोकाला बोट लावतात. व्हॉल्यूम मध्यावर. 'भुर्रर्र' असा जाडाभरडा आवाज आला तर ॲम्प्लिफायर जिवंत आहे. आपलं शरीर घरातल्या वायरिंगमधली पन्नास हर्ट्झची लहर पकडतं आणि संच तीच मोठी करून ऐकवतो. बोट लावून आवाज येतो आणि गाणं येत नाही, म्हणजे पिन किंवा तार.

या तारेत एक गंमतीचा दोष निघतो. पिनेचं टोक डाव्या कानाचं, मधली कडी उजव्या कानाची आणि मागचा लांब भाग दोघांची सामाईक जमीन. ती सामाईक तार तुटली, किंवा पिन अर्धवट बसली, तर गाणं वाजतं पण गायक नाहीसा होतो. दोन्ही बाजूंना जे सारखं असतं ते एकमेकांतून वजा होतं आणि ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज सहसा बरोबर मध्ये ठेवलेला असतो. मागची व्हायोलिनं, घुमणारे पडसाद एवढंच दूरवरून ऐकू येतं. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणात तर दोन्ही बाजू तंतोतंत एकच असतात, त्यामुळे सगळंच गप्प होतं. एक बाई असा संच घेऊन आल्या होत्या. "काका, नवी गाणी अर्धीमुर्धी वाजतात, पण आईची जुनी भावगीतं अजिबात लागत नाहीत. फायली खराब झाल्या असतील का?" काकांनी डबा उघडलाच नाही. "फायली उत्तम आहेत ताई. पिन बदलतो." तारेचा शेवटचा इंचभर तुकडा कापला, आतल्या रंगीत तारांवरचं लाखेचं आवरण डागणीच्या गरम टोकाने जाळलं, कारण ते न जाळता डाग दिला तर तो धरत नाही, आणि नवी पिन लावली. मग त्या बाईंच्याच फोनवरून, अडॅप्टर लावून, एक जुनं गाणं वाजवून दाखवलं. अशा वेळी काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो पाहण्यासारखा आहे, आणि तो मजुरीचा नसतो.

आता 'घूं'. स्पीकरचा हा सगळ्यांत बोलका दोष. काका प्रथम व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर नेतात. घूं बंद झालं तर ते बटणाच्या अलीकडून, म्हणजे संगणकाकडून किंवा तारेतून येतंय. शून्यावरही चालूच राहिलं तर बटणाच्या पलीकडचं, म्हणजे बहुधा पॉवर सप्लायचं. मग ते कान देऊन ऐकतात, की घूं खालच्या पट्टीतलं आहे की त्याहून एक सप्तक वरचं. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची. तारेतून थेट शिरलेली गुणगुण त्याच खर्जात असते. पण चार डायोडांतून गेल्यावर लाटेचा खालचा अर्धा भागही वर वळतो, लाटांची संख्या दुप्पट होते, आणि कंडेन्सर थकला असेल तर शंभर हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. पाश्चात्त्य स्वरलेखनात या दोन्ही लहरी 'जी' या स्वराच्या अगदी जवळ, एकाच सप्तकाच्या अंतराने पडतात. काकांना हर्ट्झ मोजायला यंत्र लागत नाही. "खालचा सा आला तर वायर बघ, वरचा आला तर कंडेन्सर," असं ते हाताखालच्या मुलाला सांगतात. ऑसिलोस्कोपवर हीच गोष्ट दिसते. इथे ती कानाने कळते.

खालची गुणगुण अनेकदा संचाची नसतेच. संगणक एका प्लगवर, टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या, आणि सगळे तारांनी एकमेकांना जोडलेले, असं झालं की अर्थिंगचं एक बंद कडं तयार होतं आणि त्या कड्यात वीज फिरते. लॅपटॉपचा चार्जर काढताच घूं थांबलं तर कारण हेच, किंवा चार्जरच. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर लावणं हा पहिला उपाय. तेवढ्याने भागलं नाही तर मध्ये बसवायचा छोटा आयसोलेटर मिळतो, आत दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असलेला. काही लोक तीन पिनांच्या प्लगची अर्थची जाड पिन काढून टाकतात आणि आवाज थांबला म्हणून खूश होतात. हे कधीही करू नये. ती पिन जीव वाचवायला असते. जुन्या वाड्यांत आणि चाळींत जिथे अर्थिंगच धड नाही तिथे आधी वायरमन बोलवावा, स्पीकरचं नंतर पाहता येईल.

मोबाइल शेजारी ठेवल्यावर येणारं 'टिड-टिडिड-टिड' हे मात्र बिघाड नव्हे. जुन्या टूजी फोनचा रेडिओ सेकंदाला साधारण २१७ वेळा चालू-बंद होतो आणि स्पीकरची तार तेवढं पकडते. फोरजी आल्यापासून ते जवळजवळ ऐकू येईनासं झालं.

कंडेन्सरबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण बंद पडलेल्या संचांत सर्वाधिक वेळा बदलला जाणारा भाग तो आहे. ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात गुंडाळलेल्या पातळ पट्ट्या आणि त्यांमध्ये रसायनात भिजलेला कागद, ही त्याची रचना. उष्णतेने ते रसायन सुकतं. दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला सर्वमान्य ठोकताळा आहे. आता सबवूफरच्या डब्याचा विचार करा. बंद लाकडी खोकं, आत तापणारा ट्रान्सफॉर्मर आणि तापणारी आयसी, खाली टेबलाच्या कोपऱ्यात ढकललेलं, आणि बाहेर मे महिना. कंडेन्सर तापू नये म्हणून हीटसिंकपासून चार बोटं लांब ठेवणं हे डिझाइन करणाऱ्याच्या हातात असतं. स्वस्त संचांत बोर्ड लहान करण्यासाठी तो हीटसिंकला चिकटून बसवलेला दिसतो, आणि तोच आधी जातो. बिघडलेला कंडेन्सर पुष्कळदा डोळ्यांनीच कळतो: वरची सपाट चकती, जिच्यावर दाब सुटण्यासाठी फुलीसारखी रेघ कोरलेली असते, ती फुगून वर येते किंवा तिथून तपकिरी रस बाहेर येतो. २००० च्या आसपासच्या काही वर्षांत तर सदोष रसायन भरलेले कंडेन्सर जगभर इतक्या मदरबोर्डांत आणि पॉवर सप्लायांत गेले, की दुरुस्ती करणाऱ्यांच्या एका पिढीचं निम्मं शिक्षण फुगलेले कंडेन्सर बदलण्यातच झालं.

बदलताना दोन आकडे पाहायचे. मायक्रोफॅरड तेवढेच किंवा थोडे जास्त, व्होल्ट कधीही कमी नको. बारा-झिरो-बाराच्या ट्रान्सफॉर्मरमधून डायोडांनंतर प्रत्येक बाजूला साधारण सतरा व्होल्ट मिळतात. तिथे पंचवीस व्होल्टचा कंडेन्सर हवा, सोळाचा लावला तर तो फुटतो. नळकांड्यावर तापमानही लिहिलेलं असतं. ८५ अंशांऐवजी १०५ अंशांचा घेतला तर किमतीत किरकोळ फरक पडतो आणि संच जास्त टिकतो. गिऱ्हाइकाने मागितलं नाही तरी काका १०५ चाच लावतात.

आवाज एकदम गेला, जाताना 'ठक' झालं आणि जळका वास आला, ही तक्रार ऐकली की ते गंभीर होतात. बहुधा पॉवर आयसी गेलेली असते. पाच पायांची टीडीए २०३० ही संगणकाच्या स्पीकरांत अतिशय वापरली गेलेली आयसी. एलएम १८७५ आणि टीडीए २०५० यांचे पायही त्याच क्रमाने आहेत, त्यामुळे व्होल्टेज पाहून एकीच्या जागी दुसरी बसते. सान्योची एलए ४४४० मूळ गाडीच्या स्टिरिओसाठी केलेली, पण आपल्याकडे 'चव्वेचाळीस-चाळीसचा बोर्ड' गावोगावच्या ॲम्प्लिफायरांत पोचला. लहान संचांत ६२८३ नंबरची आयसी दिसते.

इथे घाईत काम करणारा माणूस गिऱ्हाइकाचं मोठं नुकसान करतो. आयसी आतून शॉर्ट झाली की सप्लायचं सगळं डीसी व्होल्टेज थेट स्पीकरच्या कॉइलवर येतं. कॉइल थरथरत नाही, एका बाजूला ताणून बसते, तापते आणि जळते. नुसता जळलेला स्पीकर पाहून नवा स्पीकर जोडला आणि स्विच दाबला, तर तोही काही क्षणांत जळतो. म्हणून काका स्पीकर न जोडता आधी त्याच्या दोन टोकांवर मीटर धरतात. दुहेरी सप्लायच्या संचात तिथे जवळजवळ शून्य व्होल्ट हवेत. ते दिसल्यावरच पुढची गोष्ट. आयसीच्या पाठीमागचा पत्राही विसरून चालत नाही; दुहेरी सप्लायच्या संचात त्या पत्र्यावर ऋण व्होल्टेज असतं, त्यामुळे हीटसिंक डब्याच्या जमिनीला लागत असेल तर मध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा आणि दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट लागते. अभ्रक विसरला की नवी आयसीही जाते.

दुरुस्त संच पहिल्यांदा चालू करताना तो थेट प्लगमध्ये जात नाही. टेबलाच्या कडेला शंभर वॅटचा पिवळ्या उजेडाचा बल्ब असतो, त्याच्या सिरीजमध्ये संच लावतात. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर सगळं ठीक. कंडेन्सर भरले आणि वीज थांबली. झगझगीत पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, पण सगळा भार बल्बने घेतल्यामुळे काही जळत नाही. एलईडी या कामाला चालत नाही, तारेचाच बल्ब लागतो. तो दुकानांतून नाहीसा होत चाललाय, म्हणून काकांनी एका खोक्यात साठा करून ठेवला आहे.

ट्रान्सफॉर्मरबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. पुष्कळ ट्रान्सफॉर्मरांच्या आत, पिवळ्या टेपखाली, उष्णतेने तुटणारा एक फ्यूज असतो. तो तुटला की ट्रान्सफॉर्मर मेला असं वाटतं. काही कारागीर टेप सोडवून तो फ्यूज तारेने जोडून टाकतात आणि संच पुन्हा वाजतो. मग रात्री झोपताना चालू राहिलेला तो डबा आग लागण्याइतका तापला तरी त्याला थांबवणारं काही उरत नाही. तसाच फ्यूज नवा लावावा, नाहीतर ट्रान्सफॉर्मर बदलावा. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

स्पीकर स्वतः, म्हणजे कोन आणि कॉइल, हे या संचातलं सगळ्यांत जुनं शास्त्र. जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये ज्या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला, चुंबकाच्या फटीत तरंगणारी कॉइल आणि तिला चिकटलेला कागदी कोन, तीच रचना आपल्या टेबलावर आहे. शंभर वर्षांत चुंबक बदललं, गोंद बदलला. मूळ कल्पना तशीच राहिली. त्यामुळे तिची तपासणीही साधी आहे. दीड व्होल्टचा सेल दोन टोकांना क्षणभर लावला की 'टक' आवाज येतो आणि कोन पुढे सरकतो. मागे सरकला तर तारा उलट आहेत. दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर दोन्ही वाजतात, पण खर्ज नाहीसा होतो आणि आवाज कुठून येतोय हेच कळत नाही. घरी केलेल्या दुरुस्तीनंतर हा दोष नेहमी सापडतो. मीटरवर चार ओहमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. दाखवतो पण आवाज फाटका येतो, तेव्हा काका दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सरळ खाली दाबतात. आतून 'कर्र' आलं तर कॉइल चुंबकाला घासते आहे.

कोकणातून आणि मुंबईहून येणाऱ्या स्पीकरांचा रोग निराळा. कोनाच्या भोवती जी मऊ कडा असते ती अनेक स्पीकरांत पॉलियुरेथेन फोमची असते, आणि दमट हवेत ते फोम पाणी शोषून हळूहळू विरघळतं. बोट लावलं की काळी चिकट भुकटी हाताला येते. कोन धड, कॉइल धड, चुंबक धड, फक्त कडा गेली म्हणून चांगला स्पीकर फेकू नये. नव्या कडा इंचाच्या मापाने मिळतात. जुनं फोम खरवडायचं, मधली टोपी अलगद काढायची, कॉइल बरोबर मध्यावर राहावी म्हणून फटीत फिल्मच्या पातळ पट्ट्या खोचायच्या, कडा चिकटवायची, आणि गोंद पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. शक्य असेल तिथे काका रबराची कडा लावतात. चार इंचाच्या स्वस्त स्पीकरसाठी ही मेहनत परवडत नाही, तिथे स्पीकरच बदलतात. सहा-आठ इंचाच्या चांगल्या वूफरसाठी ती नक्की करावी.

बटणाची खरखर थोडक्यात सांगतो. आत कार्बनचा पट्टा असतो, त्यावर धूळ बसते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीस-पंचवीस वेळा फिरवावं. पट्टा झिजला असेल तर बटण बदलावं. पंखे-कुलुपांसाठीचं तेल त्यात घालू नये.

या कामाचं महत्त्व मला सगळ्यांत जास्त जाणवलं ते एका दृष्टिहीन मुलाचा संच टेबलावर आला तेव्हा. तो एनव्हीडीए वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे आणि पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो, मराठीही. अशा माणसाचा स्पीकर बंद पडला म्हणजे त्याचा पडदाच गेला. आवाजाचं उपकरण सापडत नाही, असा संदेश पडद्यावर आला तरी तो त्याला वाचून कोण दाखवणार? शिक्षण, परीक्षेचा अर्ज, बँक, सगळं त्या एका तारेवर उभं असतं. अशा लोकांसाठी एक उपयोगाची गोष्ट: यूएसबीचा हेडसेट जवळ ठेवावा. त्याचं साउंड कार्ड त्याच्यातच असतं, त्यामुळे मदरबोर्डच्या आवाजात किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये दोष असला तरी हेडसेट चालतो. विंडोजचा स्वतःचा नॅरेटर विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही बटणं एकत्र दाबून सुरू होतो. काकांनी त्या मुलाचा संच रांगेतले बाकीचे बाजूला ठेवून हातात घेतला. कुणी तक्रार केली नाही.

मग बदलायचं कधी? काका प्रामाणिकपणे सांगतात. बोर्डावर आर्द्रतेने हिरवा गंज चढून तांब्याच्या रेषाच खाल्ल्या असतील, ट्रान्सफॉर्मर आणि दोन आयसी आणि वूफर तिन्ही गेले असतील, उंदराने सगळ्या तारा कुरतडून डब्यात घर केलं असेल, तर नवा घ्या. यूएसबीवर चालणाऱ्या लहान स्पीकरांना साध्या यूएसबी भोकातून पाच व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. त्यांच्याकडून हॉलभर आवाजाची अपेक्षा करून ते सतत पूर्ण व्हॉल्यूमवर वाजवले तर ते फाटणारच. नवा घेताना खोक्यावरच्या पीएमपीओ या आकड्याकडे पाहू नका, त्याला कोणतंही सर्वमान्य मोजमाप नाही. आरएमएस वॅट पाहा. आणि संच उलटा करून स्क्रू दिसतात का पाहा. छोट्या स्पीकरांच्या तारा निघणाऱ्या असाव्यात, फ्यूज बाहेरून बदलता यावा.

ज्या नव्या संचांत ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस, म्हणजे स्विचिंगचा पॉवर सप्लाय, असतो ते घरी उघडू नयेत. त्यातल्या पहिल्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

खरी अडचण यापुढची आहे. ब्लूटूथच्या पुष्कळ डब्यांत स्क्रू नाहीत, कडा गोंदाने बंद केलेल्या. आतली लिथियमची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि ती बदलण्यासाठी डबा फोडावा लागतो. बोर्डावरच्या आयसीचा नंबर कारखान्यातच खरवडून टाकलेला असतो. पूर्वी कित्येक रेडिओ-टीव्हींबरोबर सर्किटचा नकाशा यायचा. कारागीर तो जपून ठेवायचे. काकांकडे अशा नकाशांची फाइल अजून आहे, आणि तिच्यातला सगळ्यांत नवा कागद पुष्कळ जुना आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नव्या नियमांनी उत्पादकांवर जुना माल परत गोळा होऊन त्याची नीट विल्हेवाट लागण्याची जबाबदारी टाकली. हे चांगलंच झालं. पण ते नियम मुख्यतः वस्तू मेल्यानंतरचे आहेत. मला वाटतं, उत्पादकाकडून तीन गोष्टी कायद्याने मागून घ्याव्यात: डबा स्क्रूने बंद करा, आयसीचा नंबर खोडू नका, सर्किटचा नकाशा सर्वांना द्या. यात कंपनीचा खर्च नगण्य आहे.

हाताखालचा मुलगा आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेला. मीटर उत्तम वापरतो. कानाचं शिक्षण इथे चाललंय. मी निघालो त्या संध्याकाळी त्याच्यासमोर गोंदाने बंद केलेला एक डबा होता, गरम हवेच्या गनने त्याने तो न मोडता उघडला होता. नंबर खरवडलेल्या आयसीच्या पायांवर मीटर लावून, कुठे सप्लाय, कुठे जमीन, कुठे स्पीकर, हे तो एका वहीत उतरवत होता. नकाशा मिळत नाही, तेव्हा काका नकाशा काढायला लावतात. त्या वहीत आता बरीच पानं भरली आहेत, आणि गल्लीतले बाकीचे कारागीर ती मागायला येतात.